फलकावरचा आकडा कुठून येतो?

डिसेंबर-जानेवारी आला की शाळाशाळांतून क्रीडास्पर्धांचे दिवस सुरू होतात. मैदानावर चुन्याच्या रेषा आखल्या जातात, मुले पाठीवर क्रमांक लावून येतात, आणि एका कडेला टेबलाशेजारी फलक उभा राहतो. चढाई चालू असते तोवर सगळ्यांचे डोळे खेळाडूवर असतात. चढाई संपली की तेच डोळे फलकाकडे वळतात. पंचांनी हात कसा वर केला हे सगळ्यांना दिसलेले नसते, दिसले तरी सगळ्यांना कळलेले नसते. फलकावरचा आकडा मात्र सगळ्यांना वाचता येतो. म्हणून तोच खरा, असे आपण धरून चालतो.

घरात टीव्हीवर सामना चालू असला की लहान मूल विचारते, "अब्बू, हा आकडा कोण बदलतो?" आपण सांगतो, "मशीन बदलते." हे उत्तर अर्धेच आहे. मशीन आकडा दाखवते, तो तिला कोणीतरी सांगावा लागतो. तो कोण सांगतो, कसा सांगतो आणि सांगताना चूक होऊ नये म्हणून कोणती काळजी घेतली जाते, हे मुलांना समजावून सांगण्यासारखे आहे. खेळातल्या हार-जितीइतकेच त्यातूनही त्यांना शिकायला मिळते.

काठीवरच्या खाचांपासून

अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या गावोगावच्या क्रिकेट सामन्यांत धावांचा हिशेब काठीवर खाचा पाडून ठेवत. धाव निघाली की एक खाच. ठरावीक धावांनंतर एक खाच जरा मोठी पाडायची, म्हणजे शेवटी मोजायला सोपे. मग वही आली. पण काठी काय किंवा वही काय, हिशेब लिहिणाऱ्यापाशीच राही, प्रेक्षकांना तो दिसत नसे. लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर १८४६ मध्ये पहिला धावफलक लागला, आणि लांब बसलेल्या माणसालाही खेळ कुठवर आला हे कळू लागले.

ते जुने फलक म्हणजे काळ्या पाट्यांवर पांढरे आकडे. आपल्याकडे मुंबईच्या आझाद मैदानावर, क्रॉस मैदानावर, शिवाजी पार्कवर अशा पाट्या टांगलेले फलक कितीतरी पिढ्यांनी पाहिले आहेत. चौकटीला खिळे किंवा हुक, त्यावर भोक पाडलेल्या पत्र्याच्या पाट्या, आणि शेजारी पाट्यांचा ढीग घेऊन बसलेला एखादा मुलगा. वर एकूण धावा, खाली गेलेले बळी, त्याखाली शेवटच्या गड्याच्या धावा. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन शाळकरी मुलांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली आणि त्यांच्या शाळेची धावसंख्या २ बाद ७४८ झाली. ती सगळी बेरीज वहीत पेन्सिलीने झालेली आहे, एकेका चेंडूची नोंद करत.

परदेशात पैसा आणि तंत्रज्ञान असूनही काही ठिकाणी हातानेच चालणारे फलक मुद्दाम जपले आहेत. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड ओव्हल मैदानावरचा फलक १९११ चा. अलीकडे त्या मैदानाची नव्याने बांधणी झाली, मोठे पडदे आले, पण जुना फलक हलवला नाही. आजही त्याच्या आत माणसे उभी राहून आकडे फिरवतात. अमेरिकेत शिकागोच्या रिग्ली फील्ड या बेसबॉल मैदानावरचा फलक १९३७ चा. त्याच्या आत शिड्या आहेत आणि खिडक्यांत आकड्यांच्या लोखंडी पाट्या बसवाव्या लागतात. सामना संपला की त्या फलकावर झेंडा चढतो. घरचा संघ जिंकला तर पांढरा, हरला तर निळा. मैदानाजवळून जाणाऱ्या रेल्वेतले नोकरदार खिडकीतून झेंडा पाहून निकाल ओळखतात.

ऐकलेला आकडा आणि लावलेली पाटी

आता आकड्याचा प्रवास पाहू. क्रिकेटमध्ये पंच खूण करतात. चौकार असेल तर हात आडवा हलवतात, षटकार असेल तर दोन्ही हात वर, वाइडला दोन्ही हात आडवे पसरतात. ती खूण गुणलेखकांनी पाहायची आणि "पाहिली" म्हणून लगेच हात वर करून किंवा दिवा लावून उलट खूण करायची. ती मिळेपर्यंत पंचांनी पुढचा चेंडू टाकू द्यायचा नाही. गुणलेखक एक नसतो, दोन असतात. दोघे वेगवेगळ्या वह्यांत लिहितात आणि मधूनमधून आकडे जुळवून पाहतात. मध्यंतरात पंचांबरोबरही जुळवणी होते. हे सगळे खेळाच्या नियमांतच लिहिलेले आहे. फलक या साखळीच्या टोकाला येतो. वहीत जे लिहिले ते फलकवाल्याला सांगितले जाते, तो पाटी बदलतो. वाद झाला तर वही उघडतात, फलकाकडे कोणी पाहत नाही.

आपल्या भाषांमुळे या शेवटच्या टप्प्यावर एक गंमत होते. आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे ती दोन्ही वर्गांत पाहिली आहे. "त्रेसष्ट" म्हणताना आपण आधी तीन म्हणतो, मग साठ. उर्दूतही "तिरसठ" तसेच. फलकावर मात्र आधी ६ लावायचा, मग ३. घाईत मुलगा कानाने ऐकलेल्या क्रमाने पाट्या लावतो आणि ३६ होतात. त्याहून अवघड "एकोणपन्नास". कानावर पन्नास पडते, हात पाचाच्या पाटीकडे जातो, लावायचा असतो चार. उर्दूतल्या "उनसठ" आणि "उनहत्तर" यांचीही तीच तऱ्हा. म्हणून मुरलेले गुणलेखक संख्येचे नाव घेतच नाहीत. ते ओरडतात, "चार, नऊ!" म्हणजे डावीकडून एकेक आकडा. मुलांना ही सवय लावली तर निम्म्या चुका तिथेच टळतात.

सात दांड्यांत दहा आकडे

पाट्यांनंतर विजेचे दिवे आले. सुरुवातीला साधे बल्ब ओळीने बसवून आकडे काढत. हल्ली शाळांच्या आणि तालुक्याच्या स्पर्धांतही लाल आकड्यांचा जो विजेचा फलक दिसतो, त्यातला प्रत्येक आकडा सात दांड्यांचा असतो. तीन आडव्या, चार उभ्या. सातही पेटल्या की ८. मधली विझवली की ०. उजवीकडच्या दोनच उभ्या पेटल्या की १. वरची आडवी जोडली की ७. मुलांना आगपेटीच्या सात काड्या देऊन ० ते ९ करायला सांगा. खेळ होईल आणि यंत्रही समजेल. मात्र हे इंग्रजी वळणाचे आकडे आहेत. आपले देवनागरी ५ किंवा ९ या सात दांड्यांत बसत नाहीत.

टेबलावरच्या माणसापुढे बटणांचा एक छोटा डबा असतो. त्याने "अधिक एक" दाबले की डब्यातली चिप नवी बेरीज करते आणि कोणत्या घरात कोणता आकडा हवा, हा निरोप तारेने किंवा बिनतारी फलकाला पाठवते. फलकातली चिप त्या त्या दांड्या पेटवते. चांगल्या फलकांत हा निरोप एकदाच जात नाही, सतत पुन्हा पुन्हा जात राहतो. त्यामुळे मध्येच तार हलून एखादा निरोप चुकला तरी पुढच्या क्षणी आकडा दुरुस्त होतो.

यातला धोका साधा आहे. एखादी दांडी जळाली तर आकडा पुसट दिसत नाही, तो दुसराच दिसतो. ८ मधली मधली दांडी गेली की ० दिसतो. ७ ची वरची दांडी गेली की १. पाहणाऱ्याला संशय यायचे कारण नाही, कारण ० आणि १ हेही रीतसर आकडेच आहेत. म्हणून जाणता माणूस सामन्याआधी सगळ्या घरांत ८ लावून पाहतो. सगळे आठ धड दिसले की सगळ्या दांड्या जिवंत आहेत असे समजायचे. दोन मिनिटांचे काम आहे, पण फार थोड्या ठिकाणी होते.

मोठ्या मैदानांवरचे रंगीत पडदे याच्या पुढची पायरी. त्यांत लाल, हिरवे आणि निळे असे तीन-तीन एलईडी दिवे एकत्र बसवून एक ठिपका होतो, आणि असे लाखो ठिपके मिळून चित्र. लाल आणि हिरवे एलईडी बरीच वर्षे होते, तेजस्वी निळा होत नव्हता. तो करून दाखवणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निळ्याशिवाय पांढरा प्रकाशही होत नाही आणि खरे रंगही येत नाहीत. दोन ठिपक्यांमध्ये १० मिलिमीटर अंतर असेल तर साधारण १० मीटरवरून चित्र सलग दिसू लागते, असा मोटा हिशेब करतात. मोबाइलने अशा पडद्याचा फोटो काढला की कधी कधी काळे पट्टे दिसतात. पडदा बिघडलेला नसतो. ते दिवे डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने पेटत-विझत असतात, कॅमेऱ्याला ते पकडता येते.

घड्याळ आणि फलक

धावणे आणि पोहणे या खेळांत फलकाचा मालक घड्याळ असते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर पोहण्याच्या शर्यतीत ऑस्ट्रेलियाचा जॉन डेव्हिट आणि अमेरिकेचा लान्स लार्सन जवळजवळ एकत्र पोहोचले. तेव्हा प्रत्येक खेळाडूची वेळ तीन माणसे हातातल्या घड्याळावर घेत. डेव्हिटची तिन्ही घड्याळांवर ५५.२ सेकंद आली. लार्सनची ५५.०, ५५.१ आणि ५५.१. म्हणजे तिन्ही घड्याळे लार्सनच्या बाजूने होती. तरी डोळ्याने पाहणाऱ्या पंचांचा निर्णय डेव्हिटच्या बाजूने गेला आणि सुवर्णपदक त्याला मिळाले. या वादानंतर डोळ्याऐवजी यंत्रावर भरवसा ठेवायची निकड सगळ्यांना पटली. पुढच्या काही वर्षांत तलावाच्या भिंतीवर दाबपट्ट्या आल्या. पोहणाऱ्याने हाताने दाबली की विजेचे मंडळ पूर्ण होते आणि त्याच्या रांगेचे घड्याळ तिथेच थांबते. पाण्याच्या लाटेने ती दाबली जाऊ नये अशी तिची रचना असते.

मग यंत्राच्या बारकाव्याची दुसरी बाजू दिसली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर मिश्र शर्यतीत स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी, दोघांची वेळ ४ मिनिटे ३१.९८ सेकंद आली. मग यंत्रात आणखी खोल जाऊन सेकंदाचा हजारावा भाग पाहिला. लार्सन ३१.९८१, मॅकी ३१.९८३. सुवर्ण लार्सनला. निर्णय नियमाप्रमाणे होता, पण नंतर जाणकारांनी हिशेब मांडला. पोहणारा सेकंदाला दोन मीटर गेला असे धरले तरी सेकंदाच्या हजाराव्या भागात तो फक्त दोन मिलिमीटर जातो. पन्नास मीटरच्या तलावातल्या सगळ्या रांगा दोन मिलिमीटरपर्यंत सारख्या बांधता येत नाहीत. मग ज्याची रांग केसभर लांब, त्याच्यावर अन्याय. म्हणून पोहण्यात पुन्हा शतांशावरच थांबायचे ठरले, आणि शतांश सारखे आले तर पदक दोघांनाही.

त्याचे फळ २०१६ मध्ये रिओला दिसले. १०० मीटर बटरफ्लायमध्ये मायकेल फेल्प्स, चॅड ले क्लो आणि लास्लो चेह तिघांची वेळ ५१.१४ आली आणि तिघांनाही रौप्यपदक मिळाले. फलकावर तिघांपुढे २ हा एकच क्रमांक. यंत्राला आणखी बारीक मोजता येत होते. ते मोजायचे नाही, असे माणसांनी ठरवले होते, कारण त्या बारीक मापात खरेपणा उरत नाही. गणिताच्या तासाला हे उदाहरण जरूर द्यावे. दशांश चिन्हापुढे जास्त आकडे लिहिले म्हणजे उत्तर जास्त बरोबर झाले, असे नव्हे.

शतांशाची जागा मात्र खरी असते, आणि ती किती बोचते हे आपल्या देशाला ठाऊक आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा यांची वेळ ५५.४२ सेकंद आणि कांस्यपदक घेणाऱ्या रुमानियाच्या धावपटूची ५५.४१. अंतिम रेषेवरच्या छायाचित्रावरून तो निकाल लागला. एका शतांशाने पदक गेले. तरी त्या शर्यतीने देशातल्या कितीतरी मुलींना मैदानावर आणले, हे कोणत्याच फलकावर लिहिलेले नाही.

फलकाला जागा अपुरी पडते तेव्हा

फलक बनवणारा आधीच अंदाज बांधतो की आकडा कुठपर्यंत जाईल. माणूस त्याच्या पुढे गेला तर फलक गोंधळतो. १८ जुलै १९७६ रोजी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये रुमानियाच्या १४ वर्षांच्या नादिया कोमानेचीने असमान उंचीच्या दांड्यांवर कसरत केली. परीक्षकांनी तिला दहापैकी दहा गुण दिले. ऑलिंपिकच्या महिला जिम्नॅस्टिक्समध्ये हे त्याआधी कोणाला जमले नव्हते. फलकात दशांश चिन्हाआधी एकाच आकड्याची जागा होती, त्यामुळे त्यावर उमटले १.००. क्षणभर कोणाला कळेना. मग घोषणा झाली आणि सभागृह उठून उभे राहिले. त्या ऑलिंपिकमध्ये नादियाला असे दहा गुण सात वेळा मिळाले.

दुसरा किस्सा २०१० च्या विम्बल्डनचा. जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा सामना २२ जूनला सुरू झाला आणि २४ जूनला संपला. एकूण खेळ ११ तास ५ मिनिटे. शेवटचा सेट ७०-६८. मैदानावरचा विजेचा फलक ४७-४७ वर अडकला आणि मग विझला, कारण त्याच्या प्रोग्रॅममध्ये त्यापुढची तजवीजच नव्हती. रात्रीतून ती दुरुस्ती करावी लागली. फलक बंद पडला तरी खेळ थांबला नाही. पंच मोहम्मद लाहयानी खुर्चीत बसून प्रत्येक गुण पुकारत होते आणि नोंदवत होते. त्यांचा आवाज हाच फलक झाला.

आपल्याकडे जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला एका शालेय सामन्यात प्रणव धनावडे या मुलाने नाबाद १००९ धावा केल्या. मैदानावरच्या साध्या फलकांत एका फलंदाजापुढे फार तर तीन घरे असतात. चौथे घर कोणी कशाला ठेवील?

चुकीचा आकडा, चुकीचे घड्याळ

१९७२ च्या म्युनिकमध्येच बास्केटबॉलचा अंतिम सामना अमेरिका आणि सोव्हिएत संघात झाला. तीन सेकंद उरले तेव्हा अमेरिका ५०-४९ ने पुढे होती. गोंधळात खेळ थांबला आणि ती तीन सेकंदे पुन्हा खेळवायचे ठरले. पण फलकावरचे घड्याळ तीन सेकंदांवर नीट लावून होण्याआधीच चेंडू खेळात आला. भोंगा वाजला, अमेरिकी खेळाडू नाचू लागले. घड्याळ चुकीचे होते म्हणून तीन सेकंदे आणखी एकदा खेळवली गेली, त्यात सोव्हिएत संघाने गोल केला आणि ५१-५० ने जिंकला. अमेरिकी खेळाडूंनी आपली रौप्यपदके आजवर स्वीकारलेली नाहीत.

१९९२ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात सिडनीला दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ धावा हव्या होत्या. पाऊस आला, बारा मिनिटे गेली. खेळ सुरू झाला तेव्हा फलकावर झळकले, १ चेंडू, २२ धावा. खरा आकडा २१ होता, तोही फलकाने चुकीचा दाखवला. निकालात फरक पडला नसता. पण तो फलक पाहून जगभरच्या लोकांना पावसाचा तेव्हाचा नियम किती विचित्र आहे हे कळले. पुढे डकवर्थ-लुईस पद्धत आली.

आणि २००३ मध्ये त्याच दक्षिण आफ्रिकेला घरच्या मैदानावर, डर्बनला, त्या पद्धतीच्या तक्त्याने गाठले. पाऊस येणार हे दिसत होते. ४५ षटकांअखेर २२९ धावा हव्यात असा निरोप मैदानात गेला. मार्क बाउचरने षटकार मारून २२९ केले आणि शेवटचा चेंडू नुसता अडवला. पाऊस आला, खेळ थांबला. मग कळले की २२९ हा आकडा बरोबरीचा होता, विजयाला २३० हवे होते. सामना बरोबरीत सुटला आणि यजमान संघ स्पर्धेबाहेर गेला. इथे आकडा बरोबर होता. त्याचा अर्थ चुकीचा पोहोचला.

आमच्या मैदानावरची गोष्ट

हे सगळे लांबचे वाटेल. काही वर्षांपूर्वी आम्ही शाळेच्या मुलींचा कबड्डी संघ घेऊन शेजारच्या गावी आंतरशालेय स्पर्धेला गेलो होतो. उपांत्य सामना चुरशीचा झाला. उत्तरार्धात समोरच्या संघाने आमच्यावर लोण चढवला. शेवटची मुलगी बाद झाल्याचा एक गुण आणि लोणाचे दोन, असे तीन गुण त्यांना मिळाले. टेबलावरच्या गुणपत्रकात तिन्ही लिहिले गेले. फलक फिरवणाऱ्या मुलाने एकच वाढवला. शेवटच्या मिनिटाला फलकावर आमचे २४ आणि त्यांचे २३. पत्रकावर त्यांचे २५.

शेवटची चढाई आमच्या कर्णधार मुलीची होती. तिने फलक पाहिला, निदान रेषा ओलांडली, कोणाला हात न लावता वेळ काढला आणि हसत परत आली. मग पत्रक वाचले गेले. आम्ही तक्रार केली, पण पत्रक बरोबर होते आणि निकाल पत्रकावरच लागतो. आयोजकांचे म्हणणे नियमाला धरून होते. परतीच्या एसटीत ती मुलगी बराच वेळ गप्प होती. मग एवढेच म्हणाली, "टीचर, मला खरा आकडा दिसला असता तर मी हात लावला असता." लागला असता की नाही, कोण सांगणार? पण प्रयत्न करायचा तिचा हक्क एका न बदललेल्या पाटीने हिरावून घेतला, हे खरे.

त्यानंतर आमच्या शाळेत फलकाची काही पथ्ये ठरली. वाचकांपैकी जे शिक्षक आहेत किंवा मोहल्ल्यात मुलांच्या स्पर्धा भरवतात, त्यांना ती उपयोगी पडतील.

लिहिणारी मुले दोन हवीत, शक्यतो दोन्ही संघांकडून एकेक. पंचांनी गुण दिला की दोघांनी मोठ्याने म्हणायचे, मगच लिहायचे. फलकाजवळ तिसरे मूल बसवावे. त्याने लिहायचे काही नाही, फक्त ऐकून पाटी बदलायची आणि बदललेला आकडा मोठ्याने वाचून दाखवायचा. आकडे डावीकडून एकेक सांगायचे. कबड्डीत लोण, बोनस असे जादा गुण आले की खेळ क्षणभर थांबवून पत्रक आणि फलक जुळवायचे. मध्यंतरात दोन्ही कर्णधारांना पत्रक दाखवायचे. शेवटची पाच मिनिटे उरली की पुन्हा एकदा.

फलक विकत घ्यायची गरज नाही. दोन संघांच्या दोन-दोन घरांसाठी ० ते ९ चे चार संच म्हणजे चाळीस कार्डे लागतात. जुन्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर जाड काळ्या रंगाने आकडे काढून, वर भोके पाडून रिंगा घातल्या की पाने उलटता येतात. आकडे काढून झाले की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून वाचून पाहावेत. ३ आणि ८, १ आणि ७ तिथून वेगळे ओळखता आले पाहिजेत. ऊन समोरून येत असेल तर चकाकणारा कागद वापरू नये.

शेवटचे पथ्य सगळ्यांत महत्त्वाचे. आपल्याकडे संघात निवड न झालेल्या मुलाला फलकाजवळ बसवतात, जणू ती समजूत घालण्याची जागा आहे. ही पद्धत सोडायला हवी. उर्दूत ज्याला आपण अमानत म्हणतो, म्हणजे विश्वासाने हाती सोपवलेली ठेव, तसे ते काम आहे. दोन्ही संघांची मेहनत त्या मुलाच्या हातात असते. त्याच्या मित्रांचा संघ हरत असला तरी त्याला समोरच्यांचा आकडा वाढवावा लागतो, सगळ्यांसमोर आणि वेळेवर. भाषणातून प्रामाणिकपणा शिकवण्यापेक्षा हे अर्ध्या तासाचे काम जास्त शिकवते. म्हणून आम्ही आता वर्गातल्या चांगल्या खेळाडूंनाही पाळीपाळीने फलकाजवळ बसवतो, मुलींनाही आणि मुलांनाही. एकदा तिथे बसलेले मूल पुढे पंचांशी वाद घालताना दोनदा विचार करते, असा आमचा अनुभव आहे.

येत्या स्पर्धेत बक्षीस समारंभाला पाहुणे येतील, विजेत्यांना ढाली मिळतील. गुणलेखक आणि फलक सांभाळणाऱ्या मुलांची नावेही त्याच वेळी पुकारा, आणि त्यांच्या हातातही एखादे पुस्तक द्या. तेवढ्याने पुढच्या वर्षी त्या टेबलाशी बसायला मुले आपणहून पुढे येतील.